जुईच्या डोळ्यांची कोंबडी

कोंबडीला आत नेलं, तेव्हा मालिनी दाराकडे पाठ करून बसली. लेकीच्या, जुईच्या, डोळ्यांचा जीन घातलेलं ते पिल्लू, औषध आधी त्याच्यावर तपासायला, दवाखान्यानं दिलं होतं आणि तिनंच घरी वाढवलं होतं. जुईसारखंच तेही डोळे बारीक करून बघायचं, दाणा टिपताना चुकायचं.

कंपाउंडर हसत बाहेर आला. "घ्या ताई, थेंब! डोळे चिरून बघितले, औषध लागू पडतंय. जुईचा नंबर आता वाढायचा नाही." मग त्यानं पिशवी पुढे केली. "बाकीची साफ करून दिलीय. झकास रस्सा करा."

मालिनीनं पिशवी मागे सारली. "अहो, माझ्या लेकीचं आहे त्यात!"

"डोळ्यांपुरतंच हो. सगळेच नेतात."

बाकावर बसलेल्या इतर मुलांच्या आयांनी माना डोलावल्या. एकीनं तर मसालाही सुचवला.

पिशवी तिथंच टाकून मालिनी बाहेर आली. थेंबांची बाटली मात्र तिनं मुठीत घट्ट धरली होती, आणि त्या मुठीचीच तिला जास्त किळस आली.