भाड्याचं विमान

१९६७ साली फ्लाइंग क्लबनं एक छोटं विमान विकायला काढलं. तासाच्या भाड्यानं विमान उडवणारी मी ते घ्यायचा हट्ट धरून बसले.

"दुरुस्ती, विमा, जागेचं भाडं! माझी बुलेट विकली तरी भागायचं नाही," हे म्हणाले.

सासूबाई लसूण सोलत होत्या. "लग्नाची पातेली आपण भाड्यानंच आणतो ना? रोज का पंगती उठतात?" माझा चेहरा पडला, तशा म्हणाल्या, "अगं, विमान कुणाचंही असो, उडवणारी आमची आहे."

रविवारी भाड्याच्या विमानात नऊवारीचा पदर खोचून त्याच माझ्या मागे बसल्या.

क्लबनं विकायला काढलेलं विमान एका शेठजींनी घेतलं, ते त्यांच्याकडे धूळ खात पडलं. हे मला बुलेटवरून क्लबात सोडत राहिले. भाड्याच्याच विमानावर मी क्लबातल्या मुलींना उडवायला शिकवलं. सासूबाई शेवटपर्यंत स्वतःची ओळख सांगत, "मी विमानवालीची सासू."