तीन ओळींची जागा

दुकान-व्यवस्थापनाच्या कोर्सचं वर्कबुक, पान एकतीस. साडीच्या एका दुकानाची विक्री घटली आहे. उपाय सुचवा. खाली तीन छापील ओळी.

अनुजाचे बाबा अठ्ठावीस वर्षं हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका दुकानात साड्या दाखवत होते. तिने लिहिलं, जुने सेल्समन टिकवा, गिऱ्हाईक त्यांचं नाव घेत दुकानात येतं. तीन ओळी पुरल्या नाहीत म्हणून ती समासात शिरली.

पुष्कर सरांनी सगळ्यावर लाल रेघ मारली. "मॉडेल आन्सर लिही. जुना स्टाफ कमी करा, ॲप आणा."

"सर, पण ते चूक आहे."

"अख्ख्या वर्गाला वर्कबुक आवडलंय. तुझंच काय वेगळं? माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, माहितीये ना?"

तिने दातओठ खात तीन ओळी उतरवल्या. बरोबर तीन. सही मिळाली.

बाबा घरीच होते. साठलेल्या रजा संपवतोय, असं सोमवारपासून सांगत होते. त्यांनी कौतुकाने वर्कबुक मागून घेतलं.

"पान एकतीस माझं नाहीये, बाबा. सरांनी जबरदस्तीने लिहून घेतलंय."

बाबांनी नेमकं तेच पान काढलं. दोनदा वाचलं.

"सोमवारी मालकांच्या मुलाने मला हेच वाचून दाखवलं. त्याच्याकडेही हेच वर्कबुक आहे." त्यांनी वर्कबुक मिटून तिच्या हातात दिलं. "अक्षर तुझं बरं आहे."