गुलाबी पिल्लं

अंगणातली पिल्लं घारीनं उचलू नयेत म्हणून रुक्मिणबाई ती गुलाबी रंगात बुडवायची आणि वाढली की हिमायतनगरच्या बाजारात विकायची. शेजारी नवरा बसायचा. पळून जाऊन लग्न केलेल्या लेकीचं तोंडही बघायचं नाही, ही त्याची ताकीद. आज ओढणीनं चेहरा झाकलेली एक बाई पिल्लांच्या डालग्यापाशी वाकली. “मावशी, रंगवलेली पिल्लं कोंबडी कशी ओळखती?” आवाज ऐकताच रुक्मिणबाईचा हात थबकला. “आवाजावरून, बाई. घारीला रंगानं फसवता येतं, आईला न्हाई.” “गिऱ्हाइकाशी गप्पा कशाला मारून राहिलीस?” नवरा खेकसला. पिल्लू देताना रुक्मिणबाईनं तिचा हात जरा जास्तच वेळ धरला. “पुढच्या बाजारालाबी ये.” संध्याकाळी तिनं उरलेल्या पिल्लांसाठी पुन्हा रंग कालवला. “ही आता कोंबडीएवढी झाली,” नवरा म्हणाला. “यांना घार नेती व्हय?” “घारीसाठी न्हाई. बाजाराच्या गर्दीत लांबून दिसावीत म्हणून.”