आबांचा समुद्र

अकरा धपाटे, सहा उकडलेली अंडी, शेंगदाण्याच्या चटणीची एक डबी, मीठ, साखर, चहा, तिखटाच्या चार कागदी पुड्या, पाण्याच्या तीन बाटल्या आणि बंद पडलेली जीप. ज्योत्स्नाने सगळं दोनदा मोजलं. मुंबई अजून साडेतीनशे किलोमीटर लांब होती.

तिचा भाऊ सूरज बॉनेट उघडून फोनवर बोलत होता. क्लच गेला होता. मेकॅनिक उद्या दुपारी येणार आणि परवा सोमवारी सकाळी आजोबांना, आबांना, परत गावाकडच्या दवाखान्यात भरती करायचं होतं. म्हणजे समुद्र राहिला. भरतीनंतरचं डॉक्टर काही बोलले नव्हते. हौस असेल ती आधी पुरी करा, एवढंच म्हणाले होते.

भिवा आबांची हौस एकच होती. चाळीस हंगाम त्यांनी ऊस तोडला. दर सहा डिसेंबरला वस्तीतली माणसं दादरला चैत्यभूमीवर जात आणि परतल्यावर समुद्राचं सांगत. दर सहा डिसेंबरला आबा मात्र उसाच्या फडात असत. कोयता सुटला तोवर काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. दिसत नसलं तरी आवाज ऐकू येईल, पाणी चाखता येईल, असं ते म्हणत.

जीप थांबली होती ती गोदावरीच्या काठाला, बंधाऱ्यापाशी. दिवस मावळला होता. दारांतून पडणाऱ्या पाण्याचा घुमारा अंगात शिरत होता. गोळीच्या गुंगीत आबांना दिवस-रात्र कळत नसे. ते जागे झाले आणि मान उचलून ऐकत राहिले.

"आलो का गं माय?"

खरं सांगायलाच ज्योत्स्नाने तोंड उघडलं. पण आबांनी हात जोडले होते.

"आलो, आबा."

सूरजने तिला बाजूला ओढलं. आबा आंधळे आहेत, येडे नाहीत. तू बीएस्सी झालीस म्हणून नदीचा समुद्र व्हायचा नाही, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. फसवलेलं आत्ता कळलं तर दवाखान्यात जाताना तेवढंच मनात घेऊन जातील, हेही त्याने बजावलं. ज्योत्स्ना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. चवीचं सोपं आहे, ती म्हणाली. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. सूरजने कपाळाला हात लावला. वाळूत चादर मात्र त्यानेच अंथरली.

आबांनी दोन धपाटे खाल्ले. महिन्याभरात एवढं ते जेवले नव्हते. खाताना विचारत राहिले आणि ज्योत्स्ना सांगत राहिली. आधी ती रचून सांगत होती. मग नुसतं समोरचं सांगू लागली. अंधारात पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता. चांदण्या वर होत्या आणि तेवढ्याच खाली हलत होत्या. एवढं पाणी रात्री तिनेही कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज आपोआप हळू झाला.

"आन त्याच्या पुढं?"

"पुढं आभाळच आहे, आबा."

आबांनी हात पुढे करून हवेत फिरवला. "एवढं मोठं," ते म्हणाले, "आन कुणाच्याच नावावर न्हाई."

मग त्यांनी पाणी मागितलं.

ज्योत्स्नाने रिकामी बाटली नदीत अर्धी भरली. उजेडाला मोबाइल होता तो सूरजकडे. जीपमध्ये चाचपडत तिने हाताला बारीक दाणा लागला ती पुडी उघडली. अर्ध्या लिटरला साडेतीन चमचे. बाटली हलवली. चाखणार तोच आबांनी पुन्हा हाक मारली.

तिने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. पहिल्या घोटाला आबा थांबले. ज्योत्स्ना मनात आकडे मोजत होती. चारपर्यंत आली.

आबांनी ओंजळ संपवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"खारं हाय," ते म्हणाले. "लई खारं."

तिने बाटलीला हात लावला. आबांनी ती काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि मांडीवर धरून बसले.

"तू नको पिऊ माय. पोटात मळमळंल."

सूरज पाठ फिरवून अंडी सोलत होता. बराच वेळ त्याचं एकच अंडं सोलून होईना.

सोमवारी आबा भरती झाले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यांनी चहा यायच्या आत सांगून टाकलं, की नातीनं समुद्र दाखवला, त्याचं पाणी प्यालो.

संध्याकाळी ज्योत्स्नाने जीप झाडायला घेतली. मागच्या सीटखाली ती बाटली पडली होती. तळाशी दोन बोटं पाणी. झाकणाभोवती मुंग्यांची रांग लागली होती. ती रांगेकडे बघत राहिली. मग मुंग्या झटकून बाटली पिशवीत घातली आणि कारखान्याकडे निघाली. हंगाम सुरू झालेला नव्हता. लॅब मोकळी होती. तिने पाणी गाळलं, दोनदा तपासलं आणि आकडे लिहिले.

साखर : साडेतीन टक्के. मीठ : शून्य.