पक्की खात्री

एकदा पाहिलेला चेहरा आपण कधी विसरत नाही, हे आजोबांनी वॉर्डातल्या नर्सलाही दोनदा ऐकवलं होतं. नातीचा घसा महिन्यापूर्वीच बरा झाला होता. आता तिच्या हृदयाची झडप सुजली होती.

"घशातल्या जंतूंच्या अंगावरची खूण पाहून तिच्या प्रतिकारपेशी चवताळल्या. जंतू मेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण झडपेवरही जवळपास तशीच खूण असते. म्हणून त्या आता झडपेलाच झोडपतायत."

"नुसतं साम्य दिसलं म्हणून? अक्कल गहाण टाकलीय का त्यांनी?"

"त्यांची पक्की खात्री असते, आजोबा."





चोरांनी आजोबांचं दुकान फोडलं तेव्हा, पोलिसांनी उभ्या केलेल्या रांगेतल्या एका माणसाकडे बोट दाखवून तेही हेच म्हणाले होते; तो माणूस अजून तुरुंगात आहे.