दारातली पायरी

जुन्या भोपाळमधल्या त्या दगडी घराच्या दारातली पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती, पण कांचन ती बदलू देईना. "पणजोबांनी घर बांधलं तेव्हाची आहे. हा खळगा आमच्या चार पिढ्यांच्या पावलांचा."

"तो बदलो मत, दीदी," म्हातारे मिस्त्री म्हणाले. "पलट देते हैं. नीचे से पत्थर कोरा होता है, सौ साल और चलेगा."

पहार लावून त्यांनी पायरी उलटी केली आणि हाताने माती झटकली. खालच्या बाजूलाही खळगा होता, वरच्यापेक्षा खोल.

"ये पहले भी किसी का दरवाज़ा था," ते हळूच म्हणाले.

कांचनने चपला काढल्या आणि पाहुण्यासारखं अलगद त्यात पाऊल ठेवलं.