चुलीभोवती

प्राचीन ग्रीसमध्ये, निकँडरच्या घरात मधोमध चूल रसरसत होती. रिवाजाप्रमाणे बापाने पाच दिवसांच्या लेकीला उचलून त्या चुलीभोवती फिरवलं, की ती घरची होणार होती. पण पुजारी असलेले त्याचे चुलते वाट अडवून उभे राहिले. निकँडरने बनवलेल्या दातेरी चाकांच्या यंत्रात सूर्य मधोमध होता आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरायची. सामोस बेटावर त्याचाच गवगवा झाला होता. "आपण जागच्या जागी असतो आणि सूर्याची आग आपल्याभोवती फिरते," काका गरजले. "हे चारचौघांत कबूल कर, ते भंगार मोड. नाहीतर उद्या देवद्रोहाचा खटला भरतो. मग वाढू दे पोरीला बापाविना." जमलेल्या पाहुण्यांकडे एकदा बघून ते बाजूला सरले. निकँडर लेकीला घेऊन चुलीपाशी गेला आणि उभाच राहिला. "फिर की," काका खेकसले. "आम्ही जागच्या जागी आहोत, काका. उचला ती पेटती चूल आणि फिरवा आमच्याभोवती."